अनुमोदनाचा हात

आणि वर सर मलाच म्हणतात, "आजी, हात खाली घ्या!" का घेऊ? फूट मी पाडली? बिस्किटं मी संपवली? मी आपली बसले होते!

तुम्हाला सांगते, माझी लेक कॉलेजात होती तेव्हा तिथे विद्यार्थ्यांचं राजकीय मंडळ होतं. मोर्चे काय, घोषणा काय, घसा बसवून घरी यायची... मंडळ पुढे बंद पडलं, गेल्या वर्षी लेकही गेली. तेव्हापासून नात माझ्याकडे, तीही त्याच कॉलेजात. रडली नाही, बोलली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. मीही तशीच. घरात आवाज करायचा तो फक्त कुकर.

एक दिवस म्हणाली, "आजी, आईचं मंडळ पुन्हा चालू करायचंय. शुक्रवारी सभा झाली नाही तर मंडळाच्या खोलीत खेळाच्या गाद्या ठेवणारेत. तू चल."

"मी कशाला गं?"

"खुर्च्या रिकाम्या दिसतात."

झालं! गेले, बसले.

पोरं आली हो, खोली भरली! नातीने विचारलं, "सभासद कोण होणार?" एकही हात वर नाही. "अध्यक्ष?" अर्धी खोली उभी! एक ताडमाड उंच, मानेवर केस, म्हणतो, "मित्रांनो, मला पदाचा मोह नाही, म्हणूनच अध्यक्ष मी!" एक चष्मेवाली कडाडली, "आधी विचारसरणी ठरवा!" ती ठरेपर्यंत चहा संपला, बिस्किटं संपली आणि मंडळ फुटलं! अजून जन्म नाही, तोवर वाटण्या! ताडमाड आपली माणसं घेऊन जिन्यात, चष्मेवाली पार्किंगमध्ये, दोघांचंही 'खरं मंडळ'! खोलीत उरलो आम्ही दोघी आणि खोलीची किल्ली घेऊन घड्याळाकडे बघणारे कॉलेजचे सर. मी आपली बसले होते.

सर म्हणाले, "ठराव मांडायला एक, अनुमोदनाला एक, एवढे तरी विद्यार्थी हवेत. नाहीतर किल्ली खेळवाल्यांना देऊन टाकतो."

नातीचा चेहरा पुन्हा तसाच, पुसलेल्या पाटीसारखा... मी सरळ हात वर केला.

"आजी, हात खाली घ्या! तुम्ही विद्यार्थी आहात का?"

"तुमच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग भरतो ना? घाला नाव! तोवर हात वरच!"

सरांची घरी जायची वेळ झाली होती. घातलं नाव.

आता रोज दुपारी गमभन गिरवते. काल नव्या मंडळाची पहिली सभा झाली. नात अध्यक्ष, मी सभासद. मी म्हटलं पंखा लावू, ती म्हणाली खिडकी उघडू. मतं पडली एकास एक. मग काय कडाडल्या अध्यक्षबाई! वर्षात पहिल्यांदा आवाज चढला हो पोरीचा, थेट आईसारखा... वाटेत भांडली, घरी भांडली, कुकर किती शिट्ट्या देऊन गेला कुणाला ठाऊक! खालचं सगळं करपलं. उठून गॅस बंद करायचा होता खरा...

पण सभा चालू होती ना! मी आपली बसले होते.