मारोतीनं उबवलेला ड्रॅगन

नागनाथाची शपथ, मी तिथंच होतो. म्हणजे नंतर पोचलो, पण सगळं डोळ्यानं पाहिलं.

टीव्हीवरच्या मालिकेत शेवटच्या ड्रॅगनचं अंडं दगड झालं होतं. ते फुटलं की जादू परत येणार. आमच्या वसमतात वाद एकच, फुटणार कसं?

मी म्हणलो, "आगीनं."

शेळ्यावाला मारोती म्हणला, "आग काहून? अंड्याला ऊब लागती."

अन् ते सिद्ध करायला त्यानं नदीतला गोल गोटा आईच्या खुडूक कोंबडीखाली सरकवला. आईनं पाहिलं.

"खालची अंडी काहून काढली रे?"

"जादू येऊन राहिली, माय. दम धर."

"एवढा भरवसा हाय, तर तूच उबव."

सकाळी गोट्याला चीर पडली होती.

चीर तेवढी माझ्या पदरची. गोटा पोटाशी धरून घोंगडीत झोपलेला मारोती मात्र खरा.