गार घाम

हॅलो?… हं, ताई, बोल. पटकन बोल हं, बाहेर ईसीजीसाठी चार पेशंट ताटकळलेत… काय? जबडा? दाढ दुखतेय का?… मग?… सकाळपासून? आणि आत्ता सांगतेस!… हो, हो, लाँड्रीत वाफ असते, इस्त्रीपाशी घाम येणारच… अगं ऐक ना, हा घाम गार आहे का? कपाळाला हात लावून बघ.

…गार आहे.

इस्त्री बंद कर. आधी बंद कर!… कोट राहू दे गं, तुझं गिऱ्हाईक थांबेल. खाली बस. भिंतीला टेकून… नाही, पाणी आणायलासुद्धा उठायचं नाही.

अहो सिस्टर! त्या फोनवरून अँब्युलन्स बोलवा ना… माझी बहीण. बसस्टॉपच्या मागची लाँड्री, निळं शटर… हो, हो, तीच!

आहे, ताई, मी इथेच आहे… घाबरवत नाहीये. अगं, गाडी येऊन परत गेली तरी चालेल, पण… माहितेय, मीच म्हणाले होते! मागच्याच महिन्यात. 'पाळी गेली की असं व्हायचंच' म्हणून मोकळी झाले. चुकले मी, ताई. धाप लागते म्हणालीस तेव्हाच तुला ओढत इथे आणायला हवं होतं…

पाळीचा आणि हृदयाचा संबंध आहे गं, तोच तर आहे! पाळी होती तोवर इस्ट्रोजेन हार्मोन रक्तवाहिन्या मऊ ठेवत होतं. ते आटलं की आतल्या अस्तराला कोणी वालीच उरत नाही… हो, आमचे डॉक्टर त्याला गंज म्हणतात. ऑक्सिजनचाच गंज, आतून चढणारा. नळी ताठ होते, अरुंद होते. त्यात तुझी साखर, त्यात दिवसभराची धावपळ… नाही, तुझा काही दोष नाही गं… ताई? गप्प का झालीस?… पाठीत पण?… ताई, बोलत राहा. काहीही बोल. शिव्या दे मला.

हॅलो, कोण?… कोटवाले? दादा, बरं झालं तुम्ही आहात. तिला आडवं नका करू, बसूनच राहू दे. ब्लाउजचं वरचं हूक सैल करा… अहो, लाजता काय, जीव महत्त्वाचा! श्वास चालू आहे ना?… डोळे उघडे आहेत?… शटर पूर्ण वर करा, स्ट्रेचर आत यायला हवं…

आले? द्या, त्यांच्याकडे फोन द्या. हॅलो, मी ईसीजी टेक्निशियन, पेशंटची बहीण. आधी ईसीजीची पट्टी काढा, मी फोनवर थांबते… काढलीत?… दोन, तीन, एव्हीएफ… हृदयाच्या खालच्या बाजूच्या तिन्ही रेघा वर गेल्यात. किती?… बरं.

…बरं.

आमच्याकडेच आणा. डॉक्टरांना सांगते, तयारी ठेवतो. आणि… एक मिनिट तिला देता?

ताई… हो, कळलं मला. खोटं नाही बोलणार, अटॅक आहे. पण तू शुद्धीवर आहेस, दहा मिनिटांत इथे पोचशील, नळी उघडता येते… मी? छे, मी कशाला घाबरू!

…घाबरलेय गं. खूप. रोज इतक्या छात्यांना वायरी लावते, पण तुझ्या… नाही, रडत नाहीये. तू पाय नको टाकूस, त्यांना उचलू दे… वजनाची कसली लाज वाटते आत्ता!… हो. हो, दारातच उभी असेन… ताई? दार लावलं का गाडीचं?… हॅलो?… ताई?

सिस्टर, फोन कट झाला. बाहेरच्यांना दुसऱ्या मशीनवर पाठवा… नाही, मला नका बसवू. हे मशीन मोकळं ठेवा. तिची पट्टी मीच काढणार.