ओट्याजवळची टिकटिक

मुलगी : बाबा, नात आहे ती तुमची, तापलेला तवा नाही. सकाळच्या गाडीने निघणार आम्ही. आता तरी घ्या.

बाबा : झोपलीय. कशाला उठवायची?

मुलगी : डोळे टक्क उघडे आहेत तिचे.

आई : आठवडाभर हेच. लांबूनच 'ए ठमे, ए ठमे'. हात म्हणून लावत नाहीत. आणि ऊठसूट आंघोळ.

बाबा : सर्दी झालीय मला.

आई : सर्दी? शेजारी फोडणीत काय पडलं ते इथे बसून सांगता.

मुलगी : बाबा, माझ्या बॅगेतला ऑफिसचा किरणोत्सर्ग मोजायचा मीटर कुणी काढला होता?

बाबा : मी. सगळी नोकरी वीजकेंद्राच्या बॉयलरवर काढली. कोळशात युरेनियम असतं, जाळला की राखेत उरतं, हे तूच सांगितलंस ना फोनवर? म्हटलं, बघू तरी अंगात किती मुरलंय.

मुलगी : मग?

बाबा : दारात धरला तर सावकाश टिकटिक. छातीला लावला तर घाईघाईने. अशा माणसाने तान्हं पोर कडेवर घ्यायचं?

मुलगी : छातीला लावलात तेव्हा उभे कुठे होतात?

बाबा : स्वयंपाकघरात. तुम्हाला दिसू नये म्हणून. ओट्याला टेकून.

मुलगी : चला बघू तिकडे.

(तिघं स्वयंपाकघरात येतात. बाळ आजीच्या खांद्यावर.)

मुलगी : मीटर ओट्यावर ठेवला. तुम्ही दाराबाहेर व्हा. काय ऐकू येतंय?

बाबा : तेच. घाईघाईने.

मुलगी : आता कुणाच्या छातीला लावलाय?

बाबा : म्हणजे... ओटा?

मुलगी : ग्रॅनाइट. त्या दगडातच युरेनियम असतं थोडं.

आई : माझ्या ओट्याला नावं ठेवायची नाहीत. मी पसंत केलाय.

मुलगी : गुणी आहे गं ओटा, एवढ्याने काही होत नाही. बाबा, बाहेरच्या खोलीत या. धरा छातीला. आता त्या रिकाम्या खुर्चीला.

बाबा : दोन्हीकडे सारखंच. सावकाश.

मुलगी : म्हणजे तुम्ही आणि रिकामी खुर्ची, फरक नाही.

आई : हे मी लग्नापासून सांगतेय.

बाबा : पण खुर्चीजवळ तरी टिकटिक कशाला?

मुलगी : ती सगळीकडेच असते. जमिनीतूनही एक वायू येतो, हवेत मिसळतो. ऑफिसच्या गच्चीवर आम्ही पंपाने हवा गाळणकागदातून ओढतो, त्या वायूचे कण कागदावर बसतात. ताजा कागद मीटरखाली नुसता तडतडतो. चहा घेऊन, गप्पा हाणून परत यावं, तर तडतड निम्म्यावर आलेली. वीजकेंद्राची चिमणी नसलेल्या गावातही तेच.

बाबा : मग चिमणीचं काहीच नाही?

मुलगी : आहे ना. राखेत जरा जास्त असतं, म्हणून तर मोजतो. पण तुम्हाला छळलं ते धुळीने. तो खोकला तुमचा तुम्हाला. पोरीला नाही लागत.

आई : आणि मी समजले, मुलगी झाली म्हणून रुसलात.

मुलगी : मलाही तेच वाटलं, बाबा. म्हणूनच उद्या निघत होते.

बाबा : वेड्या का तुम्ही? आठवडाभर जीव नुसता तुटत होता माझा. दे इकडे. मान अशी धरू ना?

मुलगी : अशीच.

बाबा : किती हलकी आहे गं. मीटर बंद कर तो. डोळे मिटतायत तिचे.

मुलगी : आता मात्र खरंच झोपली.

बाबा : मग सकाळच्या गाडीसाठी उठवू नकोस हिला.