काळ्या मातीची जर्सी

आगरदांड्याला दिघीच्या बोटीच्या रांगेत जनीच्या पुढे दोघी उभ्या होत्या. बॅगेला फुटबॉलचे बूट बांधलेली एक पोरगी आणि एक वयस्क बाई. जनीचे कान आपसूक तिकडे गेले.

“कमळमावशी, क्लब मला हेमालीचा जर्सीवरचा एक नंबर देतोय. उद्या हंगामाची पहिली मॅच. तुम्ही न्हाय म्हणालात तर न्हाय घेणार.”

“घे गं प्रणाली. माझी पोर गोलच्या खांबावर आपटून गेली, त्याला दोन वर्षं झाली. पण तिची जर्सी मला अजून धुवावी लागते.”

“अजून?”

“मॅचच्या दिवशी दोरीवर घालते, संध्याकाळी मातीनं भरलेली असते. आधी माती लाल असायची. चारच संघ होते, सगळ्या मॅच अलिबागला. गेल्या वर्षापासून अधूनमधून काळी येते.”

“गेल्या वर्षी दहा संघ झाले, मावशी. निम्म्या मॅच घाटावर होत्या.”

“मला काय ठाऊक? मी आपली धुते.”

“ओ फुटबॉलवाल्या, पुढे सरका की! बोट थांबायची न्हाय!” मागून कुणीतरी ओरडलं.

“या रविवारी मात्र डाव्या बाहीला रक्त होतं.”

“रविवारी तर मॅचच नव्हती.”

“म्हणून तर तुला गाठायला आले. उद्या डावीकडे उडी मारू नको.”

प्रणाली हसली. “गोलकीपरला असं चालतं व्हय? बॉल जाईल तिकडे जायचं.”

“ती गेली तेव्हाही रक्त आधीच दिसलं होतं. सांगितलं, तर हेमालीसुद्धा अशीच हसली.”