बंद ठेवलेला फोन

दिग्रसच्या स्टँडवर पुसदची बस यायची होती. शेजारच्या मोबाईलच्या टपरीत एक म्हातारे शेतकरी तावातावानं दुकानदाराशी बोलत होते.

"अय्याजभाऊ, ही बॅटरी पाह्य. मागच्या बाजाराले घेतली अन् आता पुरीवानी फुगली. झाकणाले रबर लावून राह्यलो."

"उकंडाचाचा, तुमच्या मॉडेलची ओरिजनल येतच नाही आता. डुप्लिकेट अशीच राह्यते."

"सकाळी फुल दाखवते अन् दुपारी उतरते."

"म्या सांगितलं होतं ना, काम नसलं की फोन बंद ठेवत जा म्हणून?"

"ठेवला ना! परवा तुह्यं आयकलं, फोन बंद केला अन् वावरात कापूस वेचाले गेलो."

"मग बॅटरी टिकली असन."

"टिकली. पण तिकडं नागपूरहून माह्या पोरीनं, दीपानं, फोन लावला. बंद लागला. मंग तिनं शेजारच्या मथुराबाईले लावला."

"तिले घरी पाठवलं असन पाह्याले."

"घरी नाही पाठवलं. संध्याकाळी मी वावरातून आलो, तं अर्धं गाव विहिरीत वाकून पाहून राह्यलं होतं."

"विहिरीत?"

"मले पाह्यलं अन् मथुराबाई रडालेच लागली. म्या म्हटलं, अवो, बॅटरी वाचवून राह्यलो होतो."

अय्याजनं काउंटरवरून हात पुढं केला.

"चाचा, फोन द्या इकडं. माह्या अब्बाचा सेट बी याच मॉडेलचा आहे, त्यात ओरिजनल आहे. तीच टाकून देतो."

"अन् तुह्या अब्बाचं कसं?"

"ते घरीच राह्यते, चाचा. माह्या डोळ्यासमोर."