लुगड्याला पुसलेला हात

पुतळी : नाय म्हटलं ना एकदा. जा, त्याला सांग, मावशी येत नाय.

रोशनी : मावशी, असं काय करतेस? नितीनदादा तलासरीहून गाडी घेऊन आलाय. रस्त्यावर उभा आहे कधीचा.

पुतळी : राहू दे उभा. झाड आहे तिथं, सावली आहे.

रोशनी : अगं, ती डहाणूची बांगडीवाली शेठाणी तयार झालीये. आठ दिवस पोरांनी दुकान बंद पाडलंय तिचं. आज ती सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आणि स्वतःच्या हातानं तुला बांगड्या भरणार.

पुतळी : सगळ्यांसमोर म्हणजे कोणासमोर?

रोशनी : म्हणजे... कॅमेऱ्यासमोर.

पुतळी : परत तुझा फोन?

रोशनी : माझा नाही. नितीनदादाचा. त्याचा चांगला आहे.

पुतळी : वा गं बाय! माझं नशीबच उघडलं.

रोशनी : चिडू नको ना. ती काय बोलली ते तुला आवडलं होतं का? "केवढे काळे, मळके हात! पहिले धुऊन ये. तुम्ही जंगली लोक कधी सुधरणार?" भर बाजारात! बाकीच्या बायकांचे हात मांडीवर घेऊन बांगड्या भरत होती, आणि तुझा नंबर आला तर हे असं. माझं डोकंच फिरलं. म्हणून काढला व्हिडिओ.

पुतळी : मी कधी म्हटलं, आवडलं? माझ्या शितलचं लग्न. आपल्यात नवरीच्या आईनं मांडवाआधी नव्या बांगड्या भरायच्या, आणि त्या दुसरीच्या हातानं भरून घ्यायच्या. आपण आपल्या घालायच्या नाय. म्हणून तर गेले डहाणूला. सकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून गेले. मला काय आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोललं का? बोलतात. पण दुकानातलं दुकानात राहायचं. पाणी पिऊन घरी यायचं. हे तं माझ्या मागं मागं घरी आलं.

रोशनी : तीन लाख लोकांनी बघितलाय तो. सगळे तुझ्या बाजूचे आहेत.

पुतळी : बाजूचे आहेत, मग मला बघून बोलायचे थांबतात कशाला? परवा कासाच्या बाजारात मिरच्या घेत होते. मिरचीवाली बघते, बघते, मग म्हणते, "तूच ना ती? लुगड्याला हात पुसणारी?" आणि मूठभर मिरच्या जास्त टाकल्या. मी सगळ्याच मिरच्या तिथं ठेवून आले.

रोशनी : हात पुसणारी?

पुतळी : तूच काढलंस, आणि तुलाच माहीत नाय? ती म्हणाली, हात मळके आहेत. मी हसले. हसले, लुगड्याला हात पुसला आणि परत पुढं केला. तरी तिनं धरला नाय. तेवढंच कापून फिरवतात आता, खाली रडकी तोंडं लावून. तुझ्या मावशीचं सगळं आयुष्य राहिलं बाजूला, तेवढाच हात राहिला.

रोशनी : ते मी नाही कापलं. मी तर पाड्याच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कोणीतरी नितीनदादाच्या पेजवर दिला, मग तिथून...

पुतळी : तुझे काका दोन दिवस बोलले नाय माझ्याशी. मग जेवताना म्हणाले, "पुसायला कशाला गेलीस?" एवढंच. झरीहून विहीण आली होती लग्नाचे तांदूळ ठरवायला. ती सारखी माझ्या हातांकडंच बघते. "फार वाईट वाटलं हो," म्हणते. मला नको त्यांचं वाईट वाटणं. चार दिवसांनी मांडव आहे. दोनशे माणूस येईल. नवरीकडं कोण बघेल गं? काढून टाक तो. मला दुसरं काही नको.

रोशनी : काढला मी. तुला सांगितलं नाही, सोमवारीच काढला. पण माझ्याकडचा काढून काय होणार? घरोघरी गेलाय तो. आता माझ्या हातात नाही, मावशी.

(नितीन कुडाच्या दाराशी येऊन वाकून आत बघतो.)

नितीन : जय आदिवासी, मावशी! चला ना. अर्ध्या तासाचं काम. शेठाणी शटर अर्धं उघडून बसलीये, आपली सगळी पोरं तिथं थांबलीत.

पुतळी : ये, बस. पाणी दे गं त्याला. शेठाणीला काय बोलायला सांगितलंस?

नितीन : लिहूनच दिलंय. "माझी चूक झाली, मी आदिवासी समाजाची माफी मागते."

पुतळी : आणि मी काय करायचं?

नितीन : तुम्ही काहीच नाही. फक्त हात पुढं करायचा. ती भरेल. आणि मावशी, जरा... या वेळी हसू नका.

रोशनी : नितीनदादा!

नितीन : अगं, लोक कमेंटमध्ये तेच विचारतात ना. एवढं बोलली तरी ही हसते काय? बघा मावशी, हा एकट्या तुमचा मॅटर नाही, समाजाचा आहे. उद्या दुसऱ्या बाईला बोलताना कोणीही दहा वेळा विचार करेल.

पुतळी : ते तुझं खरं आहे. मी खोटं म्हणत नाय. तिचं दुकान बंद पडलं, मला तिची दया नाय आली. एकदासुद्धा नाय आली. पण बाबा, तिच्यापुढं हात करायचा तो मी दोनदा केला. तिसऱ्यांदा करणार नाय.

नितीन : अहो, पण आता ती भरणार आहे!

पुतळी : तुमच्या धाकानं भरेल. तिच्या मनात नाय, माझ्या मनात नाय, मग बांगड्या कोणाच्या मनानं भरायच्या?

नितीन : मग पोरांना काय सांगू मी?

पुतळी : सांग, मावशीकडं लग्न आहे. सगळे जेवायला या. फोन तेवढे खिशात ठेवा.

नितीन : लोक म्हणतील घाबरली. पैसे घेऊन मिटवलं म्हणतील.

पुतळी : म्हणू दे. एवढं म्हणाले, त्यात आणखी ते.

नितीन : बघा बुवा. येतो मी. रोशनी, तू तरी समजव यांना.

रोशनी : ... गेला. चिडलाय.

पुतळी : निवळेल. पोरगा वाईट नाय. लग्नाला येईल बघ, पहिल्या पंगतीला बसेल.

रोशनी : मावशी, मी काय करायला हवं होतं मग? गप्प बसायचं होतं?

पुतळी : नाय. गप्प कशाला?

रोशनी : मग?

पुतळी : दमले गं मी बोलून बोलून.

रोशनी : सांग ना.

पुतळी : ती बोलली तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. व्हिडिओत पण दिसतं. लोकांना वाटतं, बाई कॅमेऱ्याकडं बघते. मला कुठं माहीत कॅमेरा? मी तुझ्याकडं बघत होते. वाटलं, शिकलेली पोरगी आहे बरोबर. हात धरेल, म्हणेल, चल मावशी, दुसरं दुकान बघू. तं तुझं तोंडच दिसेना फोनाच्या मागं. मग काय करू? हसले.

रोशनी : मावशी...

पुतळी : रडू नको. ऊठ. कामं पडलीत ढीगभर.

रोशनी : मला खरंच वाटलं, मी तुझ्यासाठीच करतेय.

पुतळी : माहीत आहे मला. तुझ्यावर राग असता तं तुला घरात घेतलं असतं का?

रोशनी : आणि बांगड्या? त्या तर राहिल्याच तुझ्या.

पुतळी : त्या फळीवरच्या डब्यात आहेत. शेजारच्या हाल्याच्या बायकोनं तलासरीहून आणल्या, माझं माप घेऊन. दोन दिवस तशाच पडल्यात. आपल्या हातानं घालता येत नाय, आणि कोणाला सांगायचं तं हात पुढं होत नाय माझा.

रोशनी : मी भरू?

पुतळी : येतात तुला?

रोशनी : नाही. कधी भरल्याच नाहीत कोणाला. एखादी टिचली तर?

पुतळी : टिचू दे. दोन जास्त आणल्यात.

रोशनी : साबण लावू का हाताला? म्हणजे सरकतील.

पुतळी : नको. अशाच भर.

रोशनी : बरं. इथं बस, उजेडात. दे हात... असा धरू?

पुतळी : फोन ठेव आधी खाली. दोन्ही हात लागतात त्याला.