पाण्याची खूण

(मिलच्या क्वार्टरचा ओटा. स्काउट मास्तर अच्युत सर मानसला दंडाला धरून उभे. दारात त्याचे वडील, कृष्णराव.)

अच्युत सर : बसत नाही मी, कृष्णराव. जानापावच्या डोंगरावर आज तुमच्या चिरंजीवांनी काय दिवे लावले, ते यालाच विचारा.

कृष्णराव : बोल रे.

मानस : काही नाही बाबा. जरा मस्ती केली, बस.

अच्युत सर : मस्ती? याची टोली पुढे. दगडांवर खडूनं खुणा करत जायचं, मागच्या टोलीनं त्या वाचत वर यायचं. पंधरा वर्षं पोरांना सांगतोय, खूण कधी खोटी काढायची नाही. यानं पिण्याच्या पाण्याची खूण काढली आणि बाण दाखवला कोरड्या नाल्याकडे.

मानस : मला वाटलं, दहा मिनिटांत परत येतील.

अच्युत सर : खुणेवर भरवसा ठेवून उतरत गेले बिचारे. एप्रिलचं ऊन. तीन तासांनी सापडले. नीरजला चक्कर आली, दोनदा ओकला. आणि हे पाच जण वर बसून खिदळत होते.

कृष्णराव : इकडे ये तू. ये म्हणतो ना.

अच्युत सर : मारू नका. मारायचं असतं तर मीच मारलं असतं. मी याचा स्कार्फ घ्यायला आलोय. उद्यापासून हा टोलीनायक नाही आणि स्काउटही नाही.

मानस : सर, प्लीज. स्कार्फ नको ना.

कृष्णराव : घ्या सर, बिल्कुल घ्या. नाक कापलं माझं. नीरजनं काय बिगाडलं होतं रे तुझं?

मानस : त्याच्या बाबांनी सही केली ना.

अच्युत सर : कसली सही?

मानस : मिल बंद करायला आपली मंजुरी आहे, त्या कागदावर. त्या टोलीत सगळे सहीवाल्यांचेच आहेत.

अच्युत सर : म्हणून पोरांना उन्हात तडफडवायचं? हे कोणी शिकवलं तुला?

मानस : बाबाच म्हणतात. रोज, जेवताना. सही करणाऱ्याला पाणीसुद्धा विचारू नये.

कृष्णराव : अरे, ते... बोलायची एक रीत असते.

अच्युत सर : वा, कृष्णराव. म्हणजे मी मघापासून भलत्याच माणसावर ओरडतोय. नीरजचे वडील किती वर्षं तुमच्या शेजारच्या मागावर होते?

कृष्णराव : बावीस.

अच्युत सर : आणि त्यांच्या पोराला पाणी नाही.

कृष्णराव : काय करू सर? रोज बंद गेटसमोर जाऊन बसायचं अन् उठून यायचं. भयंकर राग येतो. तो घरातच निघतो.

अच्युत सर : घरात पोरं ऐकत असतात.

मानस : पण बाबा, मतलब, तुम्ही तर नाही ना केली सही?

अच्युत सर : सांगा त्याला.

कृष्णराव : सोमवारी केली.

मानस : तुम्ही?

कृष्णराव : तुझ्या आईलाही सांगितलं नाही अजून. नीरजचे बाबाच घेऊन गेले मला. सही करताना कागदही त्यांनीच धरून ठेवला.

मानस : काल रात्री जेवताना तर तुम्ही परत तेच...

कृष्णराव : हो. कालही बोललो.

मानस : सर, हा घ्या स्कार्फ. मी नीरजकडे जाऊन येतो.

कृष्णराव : थांब. मला चप्पल घालू दे.